‘फेज फोर’मधल्या मुंग्यांना कोणी शिकवलं?

“ताई, १९७४चा ‘फेज फोर’ पाहिला. मुंग्यांना एवढं सगळं करायला कसं शिकवलं असेल? तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्स तर नव्हते. आणि शेवट मला काहीच कळला नाही. नक्की काय बघितलं मी?” कॅमेरा शिकणाऱ्या एका मुलाचा हा प्रश्न. गेली चोवीस वर्षं मी किड्यामुंग्यांचं चित्रीकरण करते आहे आणि त्यातला मोठा काळ फक्त मुंग्यांपाशी बसून गेला आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी सरळ उत्तर देते. शिकवलं नाही. मुंगी शिकते, हे खरं. ती वाट शिकते, वास शिकते, अन्न कुठे मिळालं ते लक्षात ठेवते. पण ‘आता थांब, मान वळव, हा तुकडा उचलून त्या भुयारात ने’ असं तिला सांगण्याची सोय कोणाकडेच नाही. १९७३ साली नव्हती, आजही नाही. त्या सिनेमातल्या मुंग्या मुंग्यांसारख्याच वागल्या आहेत. चालल्या, मिशा पुसल्या, तोंडाला तोंड लावलं, जड वस्तू ओढली. त्या वागण्याला हेतू चिकटवला तो भिंगाने, प्रकाशाने आणि कात्रीने. हे काम इतक्या संयमाने झालं आहे, की पन्नास वर्षांनीही तुझ्यासारख्या कॅमेऱ्याच्या विद्यार्थ्याला मुंग्या शिकवलेल्या वाटल्या.

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात. अवकाशात काहीतरी घडतं आणि त्यानंतर पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या जातींच्या मुंग्या आपसातलं वैर सोडून एकत्र येतात. हे पहिल्यांदा लक्षात येतं डॉ. हब्ज नावाच्या जीवशास्त्रज्ञाच्या. तो जेम्स लेस्को या तरुण गणितज्ञाला सोबत घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात जातो. तिथे मुंग्यांनी उंच, सपाट माथ्याचे मनोरे उभारलेले असतात. दोघं एका चकचकीत घुमटात प्रयोगशाळा थाटतात, हब्ज ते मनोरे उडवून मुंग्यांना डिवचतो आणि मुंग्या उत्तर देतात. शेजारच्या शेतातलं एक कुटुंब मारलं जातं, केंड्रा नावाची मुलगी तेवढी वाचून घुमटात येते. त्यानंतर प्रश्न एवढाच उरतो, की कोण कोणावर प्रयोग करतंय.

दिग्दर्शक सॉल बास. त्याचं नाव ठाऊक नसेल तरी त्याचं काम तू पाहिलेलं आहेस. ‘व्हर्टिगो’मधली गरगरणारी वर्तुळं, ‘सायको’मधल्या सरकत तुटणाऱ्या रेघा, ही श्रेयनामावलीची चित्रं त्याची. १९५५ पासून सिनेमाची नावं पडद्यावर कशी यावीत याचा विचारच त्याने बदलून टाकला. त्याशिवाय बोधचिन्हं. अमेरिकन टेलिफोन कंपनीची १९६९ची वर्तुळातली घंटा त्याने काढली. १९६८ साली ‘व्हाय मॅन क्रिएट्स’ हा लघुपट केला, त्याला ऑस्कर मिळालं. पूर्ण लांबीचा सिनेमा मात्र त्याने आयुष्यात एकच दिग्दर्शित केला आणि तो हा. जन्म १९२०चा, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर.

हे लक्षात ठेवून सिनेमा पुन्हा बघ. घुमटात बसलेला लेस्को मुंग्यांशी बोलायचा प्रयत्न करतो, तेव्हा तो चौकोनाची आकृती पाठवतो. मुंग्यांकडून उत्तर येतं तेही आकृतीच्या रूपात, वर्तुळ आणि त्यात एक ठिपका. दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने इथे आकडे आणले असते, नाहीतर यंत्राच्या आवाजात बोलणारी मुंगी आणली असती. बास आयुष्यभर कागदावर वर्तुळ, ठिपका आणि रेघ यांच्यातून अर्थ काढत होता. परक्या बुद्धीची भाषा त्याला चिन्हांचीच वाटणार. पिकाच्या शेतात मुंग्यांनी कोरलेली भौमितिक नक्षीही यात आहे, आणि इंग्लंडमधल्या शेतांतली गूढ वर्तुळं जगभर गाजली ती या सिनेमानंतर.

पण मुंग्या बासने चित्रित केल्या नाहीत. माणसांचा भाग डिक बुश या छायालेखकाचा, आणि कीटकांचं सगळं काम केन मिडलहॅम या माणसाचं. माझ्या धंद्यातल्या माणसांनी हे नाव पाठ करायला हवं. १९७१च्या ‘द हेलस्ट्रॉम क्रॉनिकल’ या कीटकांवरच्या चित्रपटाचं चित्रीकरण करणाऱ्यांत तो होता आणि त्या चित्रपटाला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. पुढे १९७८च्या ‘डेज ऑफ हेवन’मध्ये बी रुजून कोंब वर येतो तो टाइम-लॅप्सही त्याचाच. (रोप वाढताना दाखवायची ही ओढ आपल्याकडे फार जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून मटाराच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी चित्रित केली होती. हा अख्खा धंदाच चिकाटीचा.)

आता तुझ्या कामाचं बोलते. मुंगीच्या डोक्याने अख्खी चौकट भरायची असेल, तर काय काय आडवं येतं ते बघ.

पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट साधारण बावीस मिलिमीटर रुंद. मुंगीची प्रतिमा फिल्मवर तिप्पट मोठी पडायला हवी असेल, तर समोरची जागा उरते जेमतेम सात मिलिमीटर. आपल्या अंगणातला मोठा डोंगळा त्यात पुरता मावतही नाही. तो सेकंदाला दोन सेंटिमीटर जरी चालला तरी चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्याला सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो. डोळ्याची पापणी लवली की शॉट गेला.

मग फोकस. तिप्पट मोठेपणावर भिंगाचं छिद्र एफ १६ इतकं बारीक केलं, तरी स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास येते. डोळा धरला तर मिशीचं टोक धूसर. आणि छिद्र आणखी बारीक करून काही साधत नाही, कारण मग प्रकाशच वाकायला लागतो आणि सगळंच मऊ पडतं.

यावर सिनेमातली युक्ती डोळ्यांसमोरच आहे. भुयारातले शॉट पुन्हा बघ. मुंगी जवळपास नेहमी आडवी, आपल्याला कुशीकडून दिसते. तिचं अंग फिल्मला समांतर राहिलं की त्या केसाएवढ्या पट्ट्यात डोकं, धड, पोट सगळं बसतं. अरुंद भुयार आणि पुढे काच असेल, तर मुंगीला आडवं चालण्यावाचून गत्यंतर नसतं. मी पहिल्यांदा काचेचं वारूळ बनवलं तेव्हा भुयारं ऐसपैस ठेवली होती, मुंग्यांना मोकळं वाटावं म्हणून. आठवडाभराचं चित्रीकरण वाया गेलं, कारण एकही मुंगी दोन सेकंद फोकसमध्ये राहीना. भुयारं मुंगीच्या उंचीहून थोडीशीच मोठी केली आणि दोन गोष्टी एकदम साधल्या. फोकस बसला, शिवाय मुंग्याही शांत झाल्या. भिंत अंगाला लागलेली त्यांना बरी वाटते.

तिसरी अडचण प्रकाशाची, आणि त्या काळी तीच सर्वांत जीवघेणी होती. शब्दशः. भिंग फिल्मपासून जितकं लांब न्यावं तितका प्रकाश कमी पोचतो. तिप्पट मोठेपणावर तो सोळाव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे चार स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). मुंगीची चाल जरा जडशीळ, वजनदार दिसावी म्हणून कॅमेरा दुप्पट वेगाने पळवला की आणखी एक स्टॉप. एकूण बत्तीसपट प्रकाश हवा. आणि तेव्हाची रंगीत निगेटिव्ह फिल्म १०० एएसएची, हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त लागतो. आज माझा कॅमेरा ३२०० वर सहज चालतो. मिडलहॅमच्या पिढीला एवढा प्रकाश नखाएवढ्या जागेवर ओतावा लागत होता, आणि त्या प्रकाशाबरोबर येणारी उष्णता मुंगीला काही क्षणांत भाजून काढते. म्हणून दिव्यापुढे उष्णता अडवणारी काच लावतात किंवा पाण्याने भरलेली काचेची टाकी ठेवतात. उष्णतेचे किरण पाणी पिऊन घेतं, उजेड पलीकडे जातो. दिवा अगदी शॉटपुरता लावायचा, फोकस मंद उजेडात आधीच करून ठेवायचा. फिल्मच्या काळात शिकलेल्या एका ज्येष्ठ कॅमेरामनने मला हे शिकवलं, तेव्हा तो प्रत्येक शॉटनंतर तळहात मुंगीच्या जागी धरून बघायचा. हाताला चटका बसला, तर पुढचा शॉट नाही.

किडे मंद व्हावेत म्हणून त्यांना थोडा वेळ थंडीत ठेवायची पद्धत आहे. मी ती सोडून दिली. गारठलेली मुंगी पडद्यावर आजारीच दिसते. तिच्या मिशा थांबतात, आणि मिशा थांबल्या की मुंगीत जीव उरत नाही. ‘फेज फोर’मधल्या मुंग्यांच्या मिशांकडे मुद्दाम लक्ष दे. सतत चाचपडतात, टेकतात, मागे होतात. त्या मिशांमुळेच आपल्याला त्या विचार करताना दिसतात.

आता शिकवण्याबद्दल. मुंगीला शिकवता येत नसलं तरी तिच्या सवयीला जागा करून देता येते. मुंगी कडेने चालते. दोऱ्याएवढी कड दिली तरी ती कड धरते. पहिली मुंगी अन्न घेऊन परतताना वासाची रेघ सोडते आणि बाकीच्या त्या रेघेवर येतात. ही रेघ कागदावर घेता येते आणि कागद फिरवला की रांगही फिरते. गोडाचा एक थेंब कापसाच्या काडीने कुठे लावायचा, यावर मुंगी कुठे थांबणार हे ठरतं. ती कुठून जाऊ नये हेही सांगता येतं. टाल्कम पावडरचा गुळगुळीत थर दिलेल्या उभ्या भिंतीवर तिचे पाय ठरत नाहीत. आपल्या घरात गुळाच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवतात, तो याचाच जुना प्रकार. असं दहा ठिकाणी थोडं थोडं करून ठेवायचं आणि मग वाट बघायची. दिवसभरात वापरण्याजोगा एखादा मिनिट मिळाला तर तो चांगला दिवस.

या सिनेमाचा प्राण असलेला प्रसंग घेऊ. हब्ज बाहेर पिवळं विष फवारतो, मुंग्या ढिगाने मरतात. मग एक मुंगी त्या विषाचा बारीकसा पिवळा खडा तोंडात धरून भुयारातून निघते. थोडं अंतर जाते आणि मरते. दुसरी येते, खडा उचलते, पुढे नेते, मरते. तिसरी. चौथी. अखेर खडा राणीपाशी पोचतो, राणी तो घेते आणि तिची पुढची अंडी पिवळी निघतात. विषाला न जुमानणारी नवी पिढी जन्माला आली. एक शब्द नाही. माणूस नाही. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा श्वास रोखून बसले होते, आणि मला तर यातला प्रत्येक शॉट कसा घेता येतो हे ठाऊक होतं.

असा प्रसंग उभा करायला काय लागतं? कणाला अन्नाचा वास असला की मुंगी तो उचलते आणि घराच्या दिशेने ओढते, हे तिचं रोजचं काम. एक मुंगी खाली पडलेल्या कणापाशी येते, मिशांनी चाचपते, उचलते. हाही रोजचाच प्रकार. मेलेली मुंगी स्थिर असते, तिचा शॉट केव्हाही घेता येतो. राणीभोवती कामकरी मुंग्या सदैव असतात आणि तिला भरवतात. हे चार सुटे तुकडे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मुंग्यांवर घेतलेले असले तरी चालतात. ते एकामागोमाग लावले की बलिदान दिसायला लागतं. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी माणसाच्या निर्विकार चेहऱ्यासमोर वेगवेगळी चित्रं जोडून हेच दाखवलं होतं. चेहरा तोच, पण प्रेक्षकाला कधी भूक दिसली तर कधी दुःख. मुंगीचा चेहरा तर जगातला सर्वांत निर्विकार. बास आणि मिडलहॅम यांनी हे ओळखलं आणि तिच्यावर माणसाचा एकही हावभाव लादला नाही. त्यांच्या मुंग्या हसत नाहीत, रागावत नाहीत. म्हणूनच त्यांची भीती वाटते आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल आदरही वाटतो.

जिथे माणसाचा हात उघड दिसतो असाही एक प्रसंग यात आहे. लढाईनंतर मेलेल्या मुंग्या सरळ ओळींत मांडून ठेवलेल्या दिसतात आणि एक मुंगी त्या ओळींपाशी येते, जणू रणांगणावर सेनापती. मुंग्या मढी खरोखरच उचलतात. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी १९५८ साली दाखवून दिलं, की मेलेल्या मुंगीच्या अंगावर तयार होणाऱ्या ऑलेइक आम्लासारख्या द्रव्यांच्या वासाने हे घडतं. त्या आम्लाचा थेंब जिवंत मुंगीला लावला, तर तिलाही पाय झाडत असताना उचलून उकिरड्यावर टाकतात. पण टाकतात ढिगात, ओळीत नाही. ओळ लावणारा चिमटा कोणा माणसाच्या हातात होता. एक बास सोडला तर कोणाला ही भूमिती सुचली नसती. निसर्गाला धरून नाही, तरी मला तो शॉट आवडतो.

मुंग्यांच्या हुशारीबद्दल सिनेमा अतिशयोक्ती करतो, यात शंका नाही. घुमटाभोवती उन्हाकडे तोंड केलेले आरसे उभारून आतली यंत्रं तापवणारी मुंगी कुठे सापडणार नाही. पण अतिशयोक्तीच्या खालचा पाया पक्का आहे. कोकणात आंब्यावरच्या तांबड्या ओंबिलांचं घर बघ. कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात, दोन पानं जवळ ओढतात आणि मग आपल्याच अळीला धोट्यासारखी तोंडात धरून तिच्या रेशमाने पानं शिवतात. हे मी चित्रित केलं आहे, आणि लांबून बघणाऱ्यांपैकी अनेकांना ते खोटं वाटलं आहे.

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुण्याची आहे. कर्नल साइक्स नावाचे इंग्रज अधिकारी आणि निसर्गअभ्यासक पुण्यात राहत होते, त्यांनी १८३०च्या दशकात इथल्या मुंग्यांविषयी लिहून ठेवलं. त्यांच्या घरी गोड पदार्थांचं टेबल होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले, तर त्या पाणी पार करून आल्या. आणखी अडथळे केले, टेबल भिंतीपासून दूर ठेवलं. तेव्हा मुंग्या भिंतीवर टेबलाच्याही वर चढल्या आणि तिथून खाली टेबलावर पडायला लागल्या. शास्त्रज्ञ उपाय करतो आहे आणि मुंग्या त्यातून वाट काढत आहेत, हाच ‘फेज फोर’चा सांगाडा. साइक्सनी त्या मुंग्यांच्या जातीला लॅटिनमध्ये ‘न थकणारी’ असं नाव दिलं.

आवाजाकडेही कान दे. मुंग्यांना आपल्यासारखं हवेतून फारसं ऐकू येत नाही. जमिनीतून आलेली कंपनं त्यांना कळतात आणि काही जाती पोटाचा भाग घासून बारीक करकर करतात. सिनेमातली चिवचिव, किरकिर आणि विजेरी वाद्यांचा घोळ हा सगळा मागाहून चढवलेला साज आहे, पण तो फार नेमका आहे. आवाज बंद करून पाच मिनिटं बघितलंस तर त्याचं वजन कळेल.

माणसांच्या भागाबद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. नायजेल डेव्हनपोर्टचा हब्ज सुरुवातीपासूनच हट्टी, त्याच्यात पुढे काही घडत नाही. त्याचा मुंगी चावलेला हात सुजत जातो, तेवढाच बदल. लिन फ्रेडरिकला केंड्राच्या भूमिकेत करण्यासारखं फारच थोडं दिलं आहे. संवाद कोरडे आहेत. काही लोक म्हणतात, हा कोरडेपणा मुद्दाम आहे, माणसं यंत्रासारखी आणि मुंग्या माणसांसारख्या दाखवायच्या होत्या. मला ते पटत नाही. बासला चौकट कळत होती, वस्तू कळत होती, पण खोलीत उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये काय घडतं त्यात त्याचं मन रमलेलं दिसत नाही. मात्र घुमटाचं बाहेरून दिसणारं चित्र, केनियातल्या रखरखीत माळावर चित्रित केलेले ते मनोरे आणि पिवळ्या विषाने माखलेलं जग, हे सगळं अजोड आहे. आतला भाग लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झाला.

आता शेवट. तुला तो कळला नाही यात तुझी चूक नाही. तू पाहिलास तो शेवट बासचा नव्हता.

चित्रपटगृहांत लागलेल्या प्रतीत लेस्को विषाची कुपी घेऊन राणीला मारायला वारुळात उतरतो. तिथे वाळूतून केंड्रा वर येते. दोघं बाहेर सूर्याकडे पाहतात आणि लेस्कोचा आवाज सांगतो, की आपण बदलले जात आहोत, त्यांच्या जगाचा भाग होत आहोत, कशासाठी ते ठाऊक नाही पण सांगितलं जाईल. सिनेमाचे टप्पे पडद्यावर एक, दोन, तीन असे आलेले असतात. चौथा इथे येतो आणि सिनेमा संपतो. ज्याचं नाव सिनेमाला दिलं तो चौथा टप्पा बघायलाच मिळत नाही.

बासने तो केला होता. कित्येक मिनिटांची, शब्दाविना चालणारी चित्रमाला. त्यात प्रचंड भौमितिक रचनांमधून माणसं धावतात, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसारखी त्यांची परीक्षा घेतली जाते आणि त्यातून माणूस व मुंगी यांच्या पलीकडचं काहीतरी आकाराला येतं. पॅरामाउंट स्टुडिओने ती काढून टाकली. मुंगी तळहातातून बाहेर येते असं पोस्टर लावून सिनेमा भयपट म्हणून विकला. भयपट बघायला आलेल्यांना बारकाईने घेतलेल्या मुंग्या मिळाल्या आणि विचार करायला आलेल्यांपर्यंत सिनेमा पोचला नाही. तो पडला. १९९६ साली बास गेला तोवर त्याला दुसरा मोठा सिनेमा करता आला नाही. तो कापलेला शेवट सापडला आणि २०१२ साली लॉस एंजेलिसमध्ये लोकांना दाखवला गेला. आता काही ब्लू-रे आवृत्त्यांत तो मिळतो.

मी तो पाहिला आहे. माझ्या मते त्याने सगळं उलगडत नाही, पण सिनेमा पुरा होतो. सुरुवातीला ग्रह, सूर्य आणि मग बराच वेळ केवळ मुंग्या दिसतात, माणूस कुठेही नाही. त्या सुरुवातीला शोभणारा शेवट शब्दाविनाच हवा होता. राणीपर्यंत पोचणाऱ्या पिवळ्या खड्याच्या प्रसंगात बासने प्रेक्षकावर भरवसा टाकला आणि तो फळाला आला. शेवटी तोच भरवसा टाकायला स्टुडिओ तयार झाला नाही, ही हळहळ मला आजही वाटते. मुक्ताबाईच्या अभंगातली सूर्य गिळणारी मुंगी मराठी माणसाला नवी नाही. आपल्याकडच्या वारकऱ्याला तो कापलेला शेवट कोणी दाखवला असता, तर त्याने तो समजावून मागितला नसता.

तर तू असं कर. सिनेमा पुन्हा बघताना कागद घेऊन बस आणि पिवळ्या खड्याच्या प्रसंगातला प्रत्येक शॉट लिहून काढ. शॉटमध्ये मुंगी खरोखर काय करते एवढंच लिही, ती का करते ते लिहू नकोस. ‘चालते’, ‘थांबते’, ‘मिशा लावते’, ‘उचलते’. यादी पुरी झाली की तिच्यात ‘बलिदान’ हा शब्द कुठेच सापडणार नाही.

मग स्वतः प्रयत्न कर. साध्या मॅक्रो लेन्सने अंगणातले डोंगळे धर, लहान मुंग्यांच्या मागे लागू नकोस, निदान पहिलं वर्ष तरी. एलईडी दिवा वापर, तो कमी तापतो, तरी हात लावून बघत जा. एक अरुंद पन्हळ कर, पुढे काच लाव, एका टोकाला केळ्याचा तुकडा ठेव आणि थांब. पहिला तासभर काहीच होणार नाही. रोजच्या कामाला वारुळातल्या दहा-बाराच मुंग्या घे, राणीच्या वाटेला जाऊ नकोस आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात तेव्हा वारूळ खणू नकोस. काम आटोपलं की अंधार पडायच्या आत त्या मुंग्यांना जिथून घेतल्या त्याच वारुळाच्या तोंडाशी नेऊन सोड. दुसऱ्या वारुळापाशी सोडल्यास, तर वास जुळत नाही म्हणून तिथल्या मुंग्या त्यांना मारून टाकतील.